तुळशीपाशी पुरलेली तार

धावड्यात अप्पारावांच्या घरावर सोलरची प्लेट बसली, त्या आठवड्यात आमच्या गल्लीला दुसरा विषयच नव्हता. ते लोडशेडिंगचं साल होतं. दिवेलागणीला लाईट जायची ती माणसं जेवून आडवी झाली तरी यायची नाही, आणि अप्पारावांच्या ओसरीत मात्र पांढरी नळी झगझगणार होती. अप्पाराव बोलायच्या आधी दोनदा खाकरतात. मग एक हात कमरेवर जातो, मग हनुवटी वर होते, आणि मग बोल बाहेर पडतात. "आपल्याला आता सरकारच्या लायटीचं काई कामच न्हाई. सूर्यनारायणाचं डायरेक्ट कनेक्शन!" हे वाक्य त्यांनी पारावर म्हटलं, पिठाच्या गिरणीवर म्हटलं आणि एकदा मयतीवरून परत येतानाही म्हटलं.

त्या घरात प्लेटकडं बघून एकच माणूस गप्प होतं. अप्पारावांची धाकटी बहीण प्रभावती. सगळी गल्ली तिला प्रभाआत्या म्हणते.

आत्याचं सासर जांब समर्थच्या बाजूला. लग्नाला चार वर्षं झाली नसतील, अवकाळीच्या दिवसात तिचा नवरा दुपारी बैल सोडायला शेतात गेला, आभाळ भरून आलं म्हणून आंब्याखाली थांबला, आणि वीज पडली. सासूनं "पांढऱ्या पायाची" म्हणून शिक्का मारला. तेरावं झालं तसं दिरानं तिला एस्टीत बसवलं, धावड्याच्या पारावर उतरवलं आणि त्याच गाडीनं परत गेला. तेव्हापासून ती माहेरी. म्हैस तिच्याकडं, चूल तिच्याकडं, अंगण तिच्याकडं. आई द्वारकाबाई लोकांपुढं म्हणायच्या, "राह्य की बाई, घर तुझंच हाय." पण तो आवाज कसा, तर पाहुण्याला "घ्या ना अजून एक भाकर" म्हणताना दुरडी पदराखाली ओढून घेणाऱ्या बाईचा असतो ना, तसा.

आत्या स्वतः काही मुकी नव्हती. कमी बोलायची, पण बोलली की नेम धरून. अप्पारावांचं सूर्यनारायणाचं कनेक्शन ऐकून ती म्हणाली होती, "कनेक्शन बराबर हाय भाऊ, पण वरून येणारं समदंच काई उजेड नसतं. त्या लोखंडी सांगाड्याला जमिनीत उतार दे."

म्हणजे अर्थिंग. आणि तिथून पुढचं सगळं घडलं.

प्लेट बसवायला भोकरदनहून संपत मिस्त्री आला होता. त्याच्या तोंडात कायम पुडी, त्यामुळं त्याचा प्रत्येक शब्द डाव्या गालातून वळसा घेऊन येतो. त्याच्या मोटारसायकलीला आठ नंबरच्या तारेचं भेंडोळं अडकवलेलं होतं, जस्त चढवलेली साधी लोखंडी तार.

"आप्पासाहेब, हीच घ्या," तो म्हणाला. "वरून मागच्या भिंतीनं सरळ खाली, अन् मोरीपशी खड्डा. मोरीचं पाणी चालूच असतंय. अर्थिंगला ओल पायजे."

अप्पाराव खाकरले. एकदा. दोनदा. "लोखंड? माझ्या घराला?"

"चालतंय ना. समद्यांकडं हेच."

"समद्यांकडं हाय म्हून तं नको. गंजून भुगा होईन त्याचा."

"गंजती, न्हाई असं न्हाई. पण बदलता येती."

"बदलायची चीज मी लावतच न्हाई बाबा," असं म्हणून अप्पाराव माळ्यावर चढले आणि तांब्याच्या तारेचं एक वेटोळं घेऊन उतरले. करंगळीएवढी जाड. जालन्याला एका जुन्या जिनिंगचं सामान लिलावात निघालं तेव्हा त्यांच्या वडिलांनी घेतली होती आणि तेव्हापासून ती माळ्यावर मान राखून बसली होती. गल्लीतली निम्मी माणसं एव्हाना अंगणात जमली होती. अप्पारावांनी तार हातावर तोलली. "ह्याला म्हणतात तार!"

संपतनं हातानं मापून पाहिली. "तांबं एक नंबर. पण मोरीपर्यंत पुरत न्हाई."

"मंग जोड दे."

"जोड देत न्हाई मी. अर्थिंगला अखंड तार लागती. जोडापशी काई झालं तं शिव्या मला बसतीन."

एवढ्यात दारातून द्वारकाबाईंचा आवाज आला. त्यांचा आवाज बारीक, पण शेवटच्या अक्षराला असा वर चढतो की कुत्रंसुद्धा मान उचलतं. "अन् तांबं मोरीत घालता का रे? देवाचं तांबं? खरकट्या पाण्यात? लाज हाय का!" मग त्यांनीच जागा सांगितली. "पुढं तुळशीपशी घाला. शुद्ध जागा हाय."

"तिथं ओल..." संपतनं गाल हलवला.

"तुळशीला रोज पाणी पडत न्हाई का?"

अप्पारावांनी मांडीवर थाप मारली. "बराबर! अन् चोरीचं बी मिटलं. तांब्यापाई लोक हिरीवरच्या मोटारी उकलून नेऊन राह्यले. तुळशीपशी कुदळ मारायची कोणाची छाती हाय?"

संपतनं लोखंडी भेंडोळं परत गाडीला अडकवलं. सगळे हसत होते. आत्या तेवढी पुढं झाली. "मिस्त्री, ह्या तारेनं वीज खाली जाईन ना? बिलकुल जाईन?"

"खड्डा ओला ठिवला तं जाईन बाई. कोरडा पडला तं तार नुसती शोभेची."

एवढंच तो बोलला आणि आत्यानं ते मनावर घेतलं.

अप्पारावांची बायको दुर्गाबाई हिनं ती सगळी तार चिंच लावून घासली. देवाचा तांब्या घासतात तशी. दुर्गाबाईच्या प्रत्येक वाक्याच्या शेपटीला एक 'बाई' असतो, नाकातून. "असी लख्ख दिसती बाई. जमिनीत पुरायचं जिवावर येतं बाई." मग तुळशीच्या ओट्याला लागून खड्डा खणला. खाली तांब्याचा पत्रा, त्याला तार, मग ओल धरून ठेवायला एक थर लाकडी कोळसा, एक थर जाडं मीठ, परत कोळसा, परत मीठ. पोतंभर मीठ गेलं. समोरच्या घरातली गोजरबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. "काय गं दुर्गे, जमिनीचं लोणचं घालता का?" असं हसणं झालं की खड्ड्यात उतरलेल्या माणसाचा हात थांबला.

तुळशीचा ओटा विटांचा, पण आतून पोकळ. खाली थेट माती. तुळस कुंडीत नव्हती, तिची मुळं अंगणातच उतरलेली होती. हे त्या अंगणात रोज सडा टाकणाऱ्या सगळ्यांना माहीत होतं.

आत्या दुसऱ्या दिवसापासून कामाला लागली. सकाळी तुळशीला तांब्या, खड्ड्याला बादली. दुपारी आभाळ काळवंडलं, लांब अजिंठ्याच्या डोंगराकडं नुसतं गुरगुरलं, की आणखी एक बादली. गोजरबाई म्हणायची, "परभा, म्हशीला तरी येवढं पाणी पाजती का गं?" आत्या म्हणायची, "म्हैस मागती गं. हा खड्डा मागत न्हाई, म्हून ध्यान ठिवावं लागतं." त्या पावसाळ्यात पहिल्यांदा ती विजा चालू असताना ओसरीत बसली. एरवी आतल्या खोलीत, डोक्यावरून गोधडी. गल्लीतली पोरं तिची त्यावरून टिंगल करायची. त्या वर्षी तिनं ओसरीत बसून लसूण सोलला.

तुळशीच्या पानांच्या कडा आधी तपकिरी झाल्या, विस्तवाला लागल्यासारख्या. द्वारकाबाई म्हणाल्या, "पाणी कमी पडून राह्यलं." आत्यानं पाणी वाढवलं. मग शेंडे झुकले. मग एक दिवस काड्याच उरल्या. देवळातून दुसरं रोप आणलं. तेही पंधरवड्यात गेलं.

आता घरातलं बोलणं बदलत गेलं. पहिल्यांदा कारण ऊन होतं. मग नजर झाली. आणि मग दुर्गाबाई आमच्या ओट्यावर येऊन म्हणाली, "मी काई म्हणत न्हाई बाई. पण माझ्या माहेरी पिढ्यान् पिढ्या एकच तुळस हाय बाई. शेवटी हाताचं असतं बाई."

तिसरं रोप दुर्गाबाईनं हळदकुंकू वाहून स्वतः लावलं. आत्याला सांगितलं, तुळशीला हात लावायचा नाही. खड्ड्यात पाणी घालायचंच असेल तर लांबून. आत्या लांबून बादली रिकामी करायची, पदर सावरून, तुळशीवर सावली पडू नये म्हणून दुसऱ्या बाजूनं. तिसरं रोपही वाळलं. द्वारकाबाई पारावरच्या बायांना म्हणाल्या, "सावली लांबून बी पडतीच की."

दिवाळी झाली. तुळशीच्या लग्नाला सगळ्या अंगणात उसाचे मांडव लागले, बोरं-आवळे आले, अंतरपाट धरले. अप्पारावांच्या अंगणात काड्या. सूर्यनारायणाच्या कनेक्शनचा फकफकीत उजेड त्या काड्यांवर पडला होता आणि शेजारच्या अंगणातून मंगलाष्टकं ऐकू येत होती. द्वारकाबाईंनी त्या संध्याकाळी अन्न घेतलं नाही. तुळशीचं लग्न चुकलं असं त्यांच्या हातून कधीच झालं नव्हतं, आणि हे आता कोणाच्या तरी नावावर टाकल्याशिवाय त्यांना झोप लागणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या बादली घेऊन बाहेर आली तर अप्पाराव ओट्यापाशी उकिडवे बसलेले. पावसाळ्यानंतर माती सुकली होती आणि ओट्याभोवती पांढरा फुलोरा आला होता, पीठ सांडल्यासारखा. अप्पारावांची ओढ्याकाठची एक पट्टी खारवट आहे. दर हिवाळ्यात तिथं असंच पांढरं फुटतं आणि काही उगवत नाही, हे ते आयुष्यभर बघत आलेत. त्यांनी चिमूटभर माती उचलली, जिभेला लावली आणि थुंकले. मग खुरप्यानं तो पांढरा थर खरडला, घमेल्यात भरून गल्लीच्या टोकाला टाकून आले, आणि वर ताजी माती पसरली. उठून वळले तर मागं आत्या.

"आज पाणी नको घालू," ते म्हणाले. खाकरले नाहीत. आत गेले.

त्या संध्याकाळी गल्लीत अंधार होता. सगळी माणसं आपापल्या ओट्यावर, आणि समोर अप्पारावांची ओसरी नाटकाच्या रंगमंचासारखी उजळलेली. प्रत्येक शब्द ऐकू येत होता. आत्यानं आईपुढं ताट ठेवलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं.

"आई, तुळस मिठानं मेली. खड्ड्यात पोतंभर मीठ हाय. मी रोज पाणी वतलं, ते मीठ घेऊन मुळाला गेलं. माझ्या हातानं गेलं हे खरं हाय, पण माझ्या नशिबानं न्हाई गेलं."

"मीठ?" द्वारकाबाईंचा आवाज चढला. "मीठ कोणी सांगितलं तुला?"

"भाऊला इचार. सकाळी त्यानं माती चाखून बघितली."

सगळी गल्ली अप्पारावांकडं बघत होती. ते जेवत होते. भाकरीचा तुकडा भाजीत बुडवला, तो तिथंच राहिला. तार त्यांनी निवडली होती, सगळ्यांसमोर. जागा आईनं दाखवली होती. मिठानं मेली म्हणायचं तर तुळस कोणी मारली, हे पुढचं वाक्य आपोआप येत होतं. आणि ते वाक्य ऐकायला ओट्या-ओट्यावर माणसं बसली होती.

दोनदा खाकरणं झालं. "मातीचं काय... माती खारट-बिरट लागतीच."

"भाऊ, नीट बोल."

"मला काय म्हाईत? मी काय तुळशीचा डाक्टर हाय का?"

कोणीतरी अंधारात फिस्सकन हसलं.

द्वारकाबाईंनी ताट बाजूला सारलं. "आपलं मिठावर ढकलून राह्यली. नवऱ्याच्या टायमाला बी आभाळावरच ढकललं होतं."

आत्या म्हणाली, "बरं." तेवढंच. वाकून तिनं भाऊच्या ताटाशेजारचा पाण्याचा तांब्या भरून ठेवला आणि आत गेली.

जा असं तिला कोणी म्हटलं नाही. त्या घरात असलं काही सरळ म्हणत नाहीत. दुर्गाबाई म्हणाली, "आठ-पंधरा दिस कुठंतरी जाऊन या वन्सं, जिवाला बरं वाटंन बाई." आत्यानं विचारलं, "कुठं जाऊ?" त्यावर दुर्गाबाईला एकदम चुलीवरचं दूध आठवलं. अप्पाराव त्या दिवशी पहाटेच शेतात निघून गेले होते. आत्यानं एका पिशवीत दोन लुगडी भरली, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला आणि जालन्याची गाडी धरली. गावातल्या दोघी-तिघी बाया नवीन जालन्यात बियाण्याच्या गोडाऊनला निवडायच्या कामाला जात होत्या, त्यांच्या ओळखीनं ती लागली.

ती गेली आणि आठवड्यात संपत मिस्त्री परत आला. आठ नंबरची तार वरून मागच्या भिंतीनं सरळ खाली आली, मोरीपाशी खड्डा झाला. पुढचा खड्डा उकरून सगळी माती दूर नेऊन टाकली, तांबं परत माळ्यावर गेलं. संपत डाव्या गालातून म्हणाला, "म्या तं पयल्यांदाच सांगितलं होतं." अप्पाराव म्हणाले, "हां, हां. तू तुझं काम कर." कशासाठी हलवलं, हे घरात कोणी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. फक्त म्हणाले, "पुढं अडचण व्हत होती."

ओट्यात नवी माती भरली, नवं रोप लावलं. ते असं फोफावलं की मंजिऱ्या ओट्याबाहेर लोंबायला लागल्या. द्वारकाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून दाखवायच्या. "बघ बाई! ती गेली अन् लागली." आणि अप्पाराव शेजारी उभे असले तर ते प्लेटकडं बघायचे.

काही वर्षांनी मी अकरावीला जालन्याला आले तेव्हा आत्या स्टेशनमागं एका खोलीत राहत होती. रविवारी तिच्याकडं पिठलं-भाकरी असायची. दिवसभर बिया निवडून तिच्या बोटांना औषधाचा गुलाबी रंग चढलेला, कितीही धुतला तरी न जाणारा. "लग्नात मेंदी लागली न्हाई येवढी रंगली," म्हणायची. नकला करायची खोड मलाही आहे, पण कामावरच्या मुकादमाची नक्कल ती माझ्यापेक्षा चांगली करायची. धावड्याचं नाव मात्र मी काढलं की ती भाकरी थापायला उठायची.

अशाच एका रविवारी दार वाजलं आणि बाहेरून खाकरण्याचा आवाज आला. दोनदा.

अप्पाराव आत आले, बाजेवर बसले. चहा झाला. कापसाचं सांगून झालं, एस्टीच्या गर्दीचं सांगून झालं, सोलरची बॅटरी उतरली तेही सांगून झालं. मग आवाज खाली आला. "आई पडून हाय. अंग उजवीकडून गेलं. जागेवरच समदं. दुर्गाच्यानं होईना." थोडं थांबून म्हणाले, "आई तुझी लई आठवण काढून राह्यली."

"नाव घेऊन काढती का?" आत्यानं विचारलं.

"आता... बोलणं कळत न्हाई ना तिचं बराबर."

"मंग आठवण काढती हे कसं कळलं?"

अप्पारावांनी कप फरशीवर फिरवला. "परभे, झालं-गेलं सोड. घर तुझंच हाय."

"येते मी," आत्या म्हणाली. "आत्ता येते, तुझ्याच संगं. आईचं समदं करते, तिचं हागणं-मुतणं काढते, मला त्याची घाण न्हाई. फकस्त येक काम कर. घरी गेल्यावर आईच्या बाजेपशी, वहिनीपुढं, गोजराला बी हाक मार, अन् सांग की तुळस मिठानं मेली. तार मी निवडली व्हती म्हण. मला म्हाईत व्हतं म्हण. तेवढं बोल, मी दारातून आत येते."

बाहेर मालगाडीचे डबे एकमेकांवर आपटत होते.

"तिला आता असल्या टायमाला काय सांगू?" अप्पाराव म्हणाले. "जागा तिनंच दाखवली व्हती. म्हातारं माणूस. तुळशीचं पाप घेऊन जाईन का ती?"

"मी घेऊन बसले ना येवढी वर्सं."

"तुझं निराळं हाय."

"काय निराळं हाय?"

अप्पाराव उठले. चपला घालताना म्हणाले, "जेवण-बिवण नीट घेत जा." आत्यानं दार लावून घेतलं आणि परातीत पीठ काढलं. उरलेलं तिखट पिठलं दोघींनी खाल्लं. तिनं मला आणखी भाकरी घे म्हणून आग्रह केला, स्वतः अर्धीच खाल्ली.

द्वारकाबाई त्यानंतर फार दिवस राहिल्या नाहीत. मी सुट्टीत धावड्याला गेले तेव्हा गोजरबाई आमच्या ओट्यावर बसून माझ्या आईला सांगत होती. अप्पारावांनी जालन्याहून आल्यावर गल्लीत काय सांगितलं, ते तिनं जसंच्या तसं म्हणून दाखवलं, खाकरण्यासकट. "तिला म्हणलं चल, हातापाया पडलो. तं म्हणती, कंपनीवाले सुट्टी देईनात." मग तिनं कपाळावर हात मारला. "पगाराची चव लागली गं तिला. सख्खी आई सडत पडली, अन् ही बिया निवडून राह्यली. आम्ही उगंच तिची कीव करत व्हतो."

माझी आई तांदूळ पाखडत होती. म्हणाली, "व्हय, काळीजच न्हाई."